सूत्र विसरलात? एककांना विचारा!

रात्री जागून पाठ केलेले सूत्र सकाळी परीक्षेत नेमके आठवत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. गोलाचे पृष्ठफळ काढायचे आहे. डोक्यात दोन सूत्रे घोळत असतात. एकात त्रिज्येचा वर्ग आहे, दुसऱ्यात घन. दोन्ही सारखीच ओळखीची वाटतात. यातले पृष्ठफळाचे कोणते आणि घनफळाचे कोणते?

अशीच फजिती माझीही झाली होती. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा देत होतो. परीक्षकांनी साध्या लंबकाचे सूत्र विचारले. मी आत्मविश्वासाने फळ्यावर लिहिले :

दोलनकाल = २ × पाय × √(गुरुत्व त्वरण ÷ लांबी)

परीक्षक रागावले नाहीत. ते म्हणाले, "आता उजव्या बाजूचे एकक काढून दाखवा." गुरुत्व त्वरणाचे एकक मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. त्याला लांबीच्या मीटरने भागले, मीटर गेले. उरले 'एक भागिले सेकंदाचा वर्ग'. वर्गमूळ घेतले, तर 'एक भागिले सेकंद'. माझा हात थांबला. परीक्षक हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या लंबकाला एका झोक्यासाठी 'दर सेकंदाला वीस' इतका वेळ लागतो म्हणा की!"

त्या परीक्षेत मला गुण किती मिळाले ते विचारू नका. पण त्या दोन मिनिटांत जे शिकलो ते आजवर विसरलेलो नाही. आता दरवर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना तोच प्रश्न विचारतो. एकक म्हणजे उत्तरापुढे लिहायचे शेपूट नव्हे. त्यात माहिती भरलेली असते, आणि ती वाचता आली तर विसरलेले सूत्र दुरुस्त करता येते. इतकेच नव्हे, कधीच न शिकलेले सूत्रही शोधून काढता येते. कसे ते पाहू.

तांदूळ अधिक कापड

बाजाराच्या यादीत '५ किलो तांदूळ अधिक ३ मीटर कापड बरोबर ८' असे कोणी लिहीत नाही. आठ काय? किलो की मीटर? बेरीज, वजाबाकी आणि बरोबरी फक्त एकाच जातीच्या राशींमध्ये होऊ शकते. गुणाकार-भागाकाराला मात्र असे बंधन नाही. किलोमीटरला तासाने भागले की वेग मिळतो, आणि तो अगदी कामाचा असतो.

यंत्रशास्त्रातल्या सगळ्या राशी लांबी, वस्तुमान आणि काळ या तीनच मूळ राशींपासून बनतात. (विद्युत, तापमान वगैरेंसाठी आणखी काही मूळ राशी घ्याव्या लागतात.) क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले लांबी. घनता म्हणजे वस्तुमान भागिले लांबीचा घन. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणून न्यूटन हे एकक सोडवून पाहिले तर ते किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग असे निघते. बलाला अंतराने गुणले की ऊर्जा. तेव्हा ज्यूल म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. राशीच्या या जडणघडणीला तिची 'मिती' म्हणतात.

आता नियम सांगतो. खऱ्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंची मिती सारखीच असली पाहिजे. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. पुढे मॅक्सवेल, रॅले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तिचा भरपूर उपयोग केला. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला उपयोजित गणितात 'मितीय विश्लेषण' या नावाने ती शिकवतात. नाव भारदस्त असले तरी तुम्हाला लागणारे भांडवल भागाकार आणि घातांक एवढेच आहे.

गोलाचा प्रश्न आता चुटकीसरशी सुटेल. पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये असते. म्हणून त्याच्या सूत्रात त्रिज्येचा वर्गच हवा. घन असेल ते घनफळ. संपले!

लंबकाचे सूत्र, न शिकता

समजा, लंबकाचे सूत्र आपण कधी ऐकलेलेच नाही. एका दोऱ्याला दगड बांधला आहे आणि तो झुलतो आहे. एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असेल? दोऱ्याची लांबी, दगडाचे वस्तुमान आणि पृथ्वीचे गुरुत्व त्वरण अशी तीन नावे सुचतात. यांच्या गुणाकार-भागाकारातून आपल्याला निव्वळ सेकंद मिळवायचे आहेत.

पहिले वस्तुमान घ्या. त्याचे एकक किलोग्रॅम. ते सूत्रात आले तर त्याला छेदायला दुसरीकडे कुठेतरी किलोग्रॅम हवा. पण लांबीत तो नाही आणि गुरुत्व त्वरणातही नाही. म्हणजे वस्तुमानाला या सूत्रात जागाच नाही! दगड लहान असो की मोठा, झोक्याचा वेळ तोच. एकही प्रयोग न करता आपण हे शोधले.

उरले दोघे. लांबी मीटरमध्ये, गुरुत्व त्वरण मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. मीटर घालवायचे तर लांबीला गुरुत्व त्वरणाने भागावे लागेल. राहिला सेकंदाचा वर्ग. त्याचे वर्गमूळ घेतले की सेकंद. दुसरा मार्गच नाही :

दोलनकाल = कोणतीतरी संख्या × √(लांबी ÷ गुरुत्व त्वरण)

ही 'कोणतीतरी संख्या' मात्र एककांना विचारून कळत नाही, कारण तिला एककच नाही. ती कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक तर पूर्ण गणित करा, नाहीतर प्रयोग करा. आपण प्रयोग करू. दाराच्या चौकटीला दोरा बांधा. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेवा. दगड हातभर नव्हे, वीतभरच बाजूला ओढून अलगद सोडा आणि दहा झोक्यांचा वेळ मोजा. तो सुमारे २० सेकंद येईल, म्हणजे एका झोक्याला २ सेकंद. आता एक भागिले ९.८ याचे वर्गमूळ सुमारे ०.३२ येते. २ ला ०.३२ ने भागले तर ६.२५. आणि पायची दुप्पट असते ६.२८! दोन पाय कुठून आले ते गणिताने नंतर शिकाल. दाराच्या चौकटीत ते आजच दिसले.

आणि एकदा ही संख्या मिळाली की ती सगळीकडे चालते. दोरा पाव मीटरचा केला तर झोका एका सेकंदाचा होईल. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२ आहे, म्हणून तिथे एक मीटरच्या लंबकाला सुमारे ४.९ सेकंद लागतील. चंद्रावर न जाता!

खेळण्यातले जहाज आणि खडकवासला

लंबकाचे सूत्र तुम्ही नीट पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दडलेली दिसेल. गुरुत्वाच्या जोरावर चालणाऱ्या कोणत्याही हालचालीत वेळ हा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. एक मीटर उंचीवरून दगड पडायला ०.४५ सेकंद लागतात. २५ मीटरवरून पडायला २५ पट नव्हे, पाच पटच लागतात, म्हणजे सुमारे २.२६ सेकंद.

जुन्या चित्रपटांत वादळात सापडलेले जहाज कधीकधी लगेच खोटे वाटते. याचे कारण हेच. हौदातले जहाज खऱ्याच्या २५ पट लहान असेल तर त्याच्या लाटा पाच पट झटपट हलतात. हुशार छायाचित्रकार मग दर सेकंदाला पाचपट चित्रे घेतो आणि ती नेहमीच्या गतीने दाखवतो. लाटा पुन्हा भारदस्त होतात.

हीच युक्ती खूप मोठ्या कामातही वापरतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९१६ साली झाली. धरणे, बंदरे, नदीचे प्रवाह यांच्या लहान प्रतिकृती बनवून तिथे अभ्यास केला जातो. समजा, एखाद्या बंदराची प्रतिकृती सर्व बाजूंनी १०० पट लहान केली आहे. १०० चे वर्गमूळ १०. म्हणून प्रतिकृतीत पाण्याचा वेग खऱ्याच्या एक दशांश ठेवावा लागेल आणि घड्याळ दहापट वेगाने धावेल. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत समुद्रात सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. प्रतिकृतीत हा खेळ सुमारे ७४ मिनिटांत आटोपतो. कोट्यवधी रुपयांची भिंत समुद्रात उभी करण्याआधी ती लाटांना कशी तोंड देईल, हे ओंजळभर पाण्यात पाहता येते. ते शक्य होते दोन्हीकडची एकके जुळवल्यामुळे.

एका छायाचित्रातून काढलेली ऊर्जा

आता मितीय विश्लेषणाचा सर्वांत गाजलेला, आणि मन सुन्न करणारा, उपयोग सांगतो.

१६ जुलै १९४५ च्या पहाटे अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातला पहिला अणुबॉम्ब उंच मनोऱ्यावर ठेवून उडवला गेला. अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. काही वर्षांनी ती प्रसिद्ध झाली. घुमटासारखा फुगत जाणारा आगीचा गोळा, शेजारी अंतराची मोजपट्टी आणि स्फोटापासून किती मिलिसेकंद झाले याचा आकडा. चित्रात याहून अधिक काही नव्हते.

केंब्रिजचे जेफ्री टेलर हे द्रव आणि वायूंच्या गतीचे मोठे अभ्यासक होते. एका बिंदूपाशी एकदम प्रचंड ऊर्जा सुटली तर हवेतला धक्का कसा पसरेल, याचे गणित त्यांनी युद्धकाळातच, १९४१ साली, केले होते. १९५० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्या छायाचित्रांना लावून दाखवले. रशियाचे सेडोव्ह व अमेरिकेतील फोन नॉयमन यांनीही हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला होता.

चला, आपणही सोडवू. गोळ्याची त्रिज्या कशावर अवलंबून असेल? सुटलेली ऊर्जा, स्फोटानंतर गेलेला वेळ आणि जिला ढकलत गोळा वाढतो त्या हवेची घनता. बॉम्बचा आकार धरायचा नाही, कारण शंभर मीटरच्या गोळ्यापुढे तो बिंदूच. हवेचा नेहमीचा दाबही सोडून द्यायचा, कारण आतल्या दाबापुढे तो नगण्य आहे.

ऊर्जेचे एकक किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. घनतेचे एकक किलोग्रॅम भागिले मीटरचा घन. ऊर्जेला घनतेने भागा. किलोग्रॅम गेले. वर मीटरचा पाचवा घात आणि खाली सेकंदाचा वर्ग राहिला. त्याला वेळेच्या वर्गाने गुणा. सेकंदही गेले! उरला निव्वळ मीटरचा पाचवा घात. म्हणून :

त्रिज्येचा पाचवा घात = कोणतीतरी संख्या × ऊर्जा × वेळेचा वर्ग ÷ घनता

हे खरे आहे का, हे छायाचित्रांनाच विचारू. टेलर यांच्या तक्त्यात २५ मिलिसेकंदांना त्रिज्या १३० मीटर आहे आणि ६२ मिलिसेकंदांना १८५ मीटर. वेळ २.४८ पट झाला, त्याचा वर्ग सुमारे ६.२. त्रिज्या १.४२ पट झाली, तिचा पाचवा घात सुमारे ५.८. केवळ एककांवरून मांडलेल्या सूत्राला निसर्गाने दिलेली ही साक्ष पुरेशी आहे.

आता ऊर्जा काढू. ती 'कोणतीतरी संख्या' ठरवायला टेलर यांना अवघड समीकरणे सोडवावी लागली. ती १ च्या जवळपास निघाली, म्हणून आपण १ च धरू. हवेची घनता दर घनमीटरला १.२५ किलोग्रॅम.

१३० चा पाचवा घात : सुमारे ३,७१३ कोटी
त्याला १.२५ ने गुणून : सुमारे ४,६४१ कोटी
वेळेचा वर्ग : ०.०२५ × ०.०२५ = ०.०००६२५
भागाकार : सुमारे ७४ लाख कोटी ज्यूल

एक टन टीएनटी या स्फोटकातून सुमारे ४१८ कोटी ज्यूल ऊर्जा सुटते. म्हणजे आपले उत्तर झाले जवळजवळ १८,००० टन टीएनटी. टेलर यांचे अधिक काटेकोर गणित सुमारे १७,००० टन सांगत होते. अधिकृत आकडा पुढे २१,००० टन असा दिला गेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत तो सुमारे २४,८०० टन ठरला. आपला आकडा थोडा कमी आहे, कारण प्रकाश आणि उष्णतेच्या रूपाने गोळ्याबाहेर निसटलेली ऊर्जा या हिशेबात येत नाही. पण विचार करा, वहीच्या एका पानावर आणि आठवी-नववीच्या घातांकांवर आपण कुठवर पोचलो!

ही आकडेमोड मी वर्गात करून दाखवतो तेव्हा शेवटी मुले टाळ्या वाजवतात. मी त्यांना थांबवून पुढची तारीख सांगतो. त्या पहाटेनंतर तीनच आठवड्यांनी, ६ ऑगस्ट १९४५ ला, असाच एक गोळा हिरोशिमा शहरावर फुगला, आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर. त्रिज्येच्या सूत्रात माणसे कुठे येत नाहीत. ती आपण लक्षात ठेवायची असतात.

ही युक्ती कुठे अडते?

कोणतेही हत्यार वापरताना ते कुठे बोथट आहे हे ठाऊक हवे. मितीय विश्लेषणाच्या तीन मर्यादा सांगतो.

पहिली तुम्ही पाहिलीच. एकक नसलेली संख्या त्यातून मिळत नाही. कोनालाही एकक नाही, म्हणून लंबक किती अंशांनी ओढला याबद्दल ही पद्धत गप्प बसते. ६० अंशांपर्यंत ओढून सोडाल तर झोक्याला सुमारे ७ टक्के अधिक वेळ लागतो. म्हणूनच मघाशी वीतभरच ओढायला सांगितले.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. यादी चुकली तर उत्तर चुकले. दगडाऐवजी पीस बांधले तर हवेचा विरोध यादीत घ्यावा लागेल. काय महत्त्वाचे आणि काय सोडून देण्याजोगे, हे एकके सांगत नाहीत. ते निरीक्षणाने आणि विचारानेच कळते. टेलर यांची करामत भागाकारात नव्हती. हवेचा नेहमीचा दाब सोडून द्यायचा हे त्यांनी ओळखले, ती खरी करामत.

तिसरी म्हणजे मिती जुळली तरी मापे जुळलेली असतीलच असे नाही. अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचले आणि नाहीसे झाले. चौकशीत काय निघाले? यानाला मिळालेल्या धक्क्याचे आकडे एका संगणक-कार्यक्रमाने पौंडांच्या मापात दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजून घेतले. दोन्हींची मिती एकच, पण एकक वेगळे, फरक ४.४५ पट. मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायचे ते यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली घसरले. गणित बरोबर होते. आकड्यापुढचा शब्द तेवढा कोणी तपासला नाही. गुरुजी उत्तरपत्रिकेत एककासाठी अर्धा गुण कापतात तेव्हा हे यान आठवा. अर्धा गुण फार स्वस्त आहे!

आता तुमची पाळी

तंबोऱ्याची किंवा सतारीची तार दर सेकंदाला किती वेळा कंप पावते, हे तिचा ताण, तिची लांबी आणि तिच्या दर मीटरचे वस्तुमान यांवर अवलंबून असते. ताणाचे एकक न्यूटन, म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. दर मीटरच्या वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम भागिले मीटर. या तिघांतून 'एक भागिले सेकंद' कसे मिळेल ते शोधा. आधी किलोग्रॅम घालवा. पुढचे आपोआप सुचेल. मग सांगा, लांबी निम्मी केली तर कंपने किती पट होतील? आणि लांबी तीच ठेवून कंपने तितकीच वाढवायची तर ताण किती पट करावा लागेल? उत्तर काढल्यावर एखाद्या वाजवणाऱ्याला विचारून ताडून पाहा.

आणि हो, पुढच्या परीक्षेत सूत्र आठवले नाही तर घाबरून वर छताकडे पाहत बसू नका. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात डाव्या बाजूचे एकक लिहा, उजव्या बाजूचे लिहा आणि ती जुळतात का ते पाहा. मला हे शिकायला फळ्यासमोर लाजावे लागले. तुमचे काम कोपऱ्यातल्या दोन ओळींत होईल.